मदत कोणाची, पैसा कोणाचा?



गाळपाच्या दिवसांत रात्री वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली की गप्पांना तोटा नसतो. शेकोटीभोवती बसलेली मंडळी आधी उसाच्या भावावर बोलतात, मग कपाशीवर, आणि शेवटी गाडी सरकारवर येते. अशाच एका रात्री एक वडीलधारे सभासद तावातावाने म्हणाले, "सरकारनं साऱ्यायले घरबसल्या पैसे वाटले, म्हनून तं ऊस तोडाले मानूस भेटत नाही!" शेजारच्या तरुणाने हळूच विचारले, "काहून जी काकाजी, काकूच्या खात्यात पंधराशे येतेत म्हनते?" सगळे हसले. काकाजीही हसले आणि म्हणाले, "ते वेगळं हाय. ते तिच्या हक्काचं हाय."

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. दुसऱ्याच्या घरी मदत गेली की ती खिरापत आणि आपल्या घरी आली की हक्क, असे आपण सगळेच कमी-अधिक बोलत असतो. आणि हाच वाद आपल्या विधिमंडळात व संसदेत गेली जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. भाषणे पुष्कळ झाली, पण मुळात प्रश्न तीनच. मदत कोणाला द्यायची? तिचा पैसा कोठून आणायचा? आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहणार? पहिल्या प्रश्नावर आपण रात्रभर बोलू शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही, आणि आपले खरे नुकसान तेथेच होते. म्हणून हा लेखप्रपंच.

गिरणीतल्या बाळंतिणीपासून सुरुवात

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे विश्रांती मिळावी आणि तेवढ्या काळात तिच्या पोटाची सोय व्हावी, एवढीच मागणी होती. वाद झाला तो पैशावरून. हा भार मालकांनी का सोसावा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या सभागृहाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला अशा वेळी विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्याला अंग काढून घेता येणार नाही, असेही त्यांनी बजावले. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतात होता. तेथेही १९३० साली तसाच कायदा झाला, आणि हिंगणघाट-पुलगावसारख्या कापड गिरण्यांच्या गावांतील कामकरी बायकांसाठी पहिल्यांदा कागदावर काही हक्क लिहिला गेला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा आला.

मात्र हे कायदे कारखान्याच्या फाटकाशी थांबले. त्याच हिंगणघाटाच्या शिवारात कापूस वेचणारी, निंदण करणारी, ऊस तोडणारी बाई त्यांच्या बाहेरच राहिली. तिचा मालक कोण म्हणायचा? आज या शेतात, उद्या त्या शेतात. तिच्यासाठी पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी कोणी दिले नाही. त्या उत्तराचा एक भाग पुढे आपल्याच राज्याने शोधला.

ओलिताच्या पावतीवरचा उपकर

वि. स. पागे हे विधान परिषदेचे अनेक वर्षे सभापती होते. ते सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. ज्याच्या हाताला काम नाही त्याला सरकारने काम द्यावे, आणि त्या कामातून गावात पाणी, माती, रस्ता असे काहीतरी टिकाऊ उभे राहावे, हा त्यांचा विचार. तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना सुरू झाली, आणि लगेच १९७२-७३ चा भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, बांध घालत होती. आपल्यातल्या पुष्कळांचे आईबाप त्यात होते. ज्यांच्या घरी वीस-वीस एकर जमीन, तेही त्या वर्षी टोपले उचलायला गेले. दुष्काळ सातबारा पाहत नाही, हे त्या वर्षाने शिकवले.

दुष्काळ सरला, पण विचार टिकला. १९७७ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. खेड्यातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागेल, असे त्यात लिहिले गेले. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काची गोष्ट आहे, पण ती सरकारला केलेली सूचना. तिला कायद्याचे दात बसवले ते महाराष्ट्राने.

आता दुसरा प्रश्न. पैसा कोठून? येथे सभासदांनी नीट लक्ष द्यावे, कारण यात आपला हात आहे. शहरातील नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यावर १९७५ च्या कायद्याने व्यवसायकर बसला. मोटारगाड्यांवर व विक्रीवर जादा कर आला. आणि ओलिताच्या शेतजमिनीवर रोजगार हमी उपकर बसला. जितकी रक्कम या करांतून गोळा होईल तितकीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम ठरला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले दोन पैसे, ओलिताच्या शेतकऱ्याने तलाठ्याकडे भरलेले दोन पैसे आणि सरकारचे चार पैसे एका डब्यात पडले, आणि त्यातून कोरडवाहू गावातल्या मजुराची चूल पेटली.

हा पैसा वाया गेला का? हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी महिनोन् महिने रखडली, निधीत आलेला सगळाच पैसा दरसाल कामांवर खर्च झाला असेही नाही. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण पाझर तलाव, नालाबांध आणि विहिरी कोणाच्या शिवारात झाल्या? १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळाले. आर्वी, आष्टी, कारंजा या आपल्या संत्र्याच्या पट्ट्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मजुराच्या घरी मजुरी गेली आणि शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आले. ओलितावर उपकर भरणाऱ्याने दान केले नाही. त्याने आपल्याच शिवाराचा विमा उतरवला.

"मजूर भेटत नाही"

रोजगार हमीवर शेतकऱ्यांची पहिल्यापासून एकच तक्रार. ऐन हंगामात हमीची कामे निघाली की शेताला माणूस मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही. कापूस बोंडात फुटून लोंबतो आहे, सोयाबीनची सोंगणी तोंडावर आहे, उसाला तोड आली आहे आणि माणूस नाही, ही अडचण ज्याच्यावर येते त्यालाच कळते.

पण तिची दुसरी बाजूही आहे. शेतात चांगला रोज मिळत असताना उन्हात खडी फोडायला हौसेने कोण जाईल? हमीच्या कामामुळे गावात मजुरीला एक खालची मर्यादा बसली, हे खरे. त्याहून कमी रोजावर कोणाला राबवता येत नाही. आपल्याला जो महाग मजूर वाटतो, त्याच्या घरी ती दोन वेळची भाकर असते. आणि हेही विसरू नये की वर्धा जिल्ह्यातला लहान शेतकरी अर्धे वर्ष स्वतःच मजूर असतो.

२००५ साली केंद्राने महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून देशभरासाठी कायदा केला. वर्षात एका कुटुंबाला शंभर दिवस कामाची हमी मिळाली आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने घेतला. शंभरच्या पुढच्या दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्या १९७७ च्या कायद्याखाली ठेवली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामातले एकूण साठ दिवस राज्याने जाहीर करून त्या काळात ही कामे बंद ठेवावीत, अशी तरतूद झाली. आणि खर्चाची विभागणी बहुतेक राज्यांसाठी केंद्र साठ टक्के व राज्य चाळीस टक्के अशी ठरली.

वजनकाट्यावर ही बातमी पोहोचली तेव्हा लोकांनी फक्त साठ दिवसांचे ऐकले आणि बरे झाले म्हणाले. बरे झालेही असेल. पण चाळीस टक्क्यांचे कोणी विचारले नाही. राज्याची तिजोरी ओढाताणीत असेल तर तो वाटा कोठून येणार? तो आला नाही तर कामे निघणार नाहीत, आणि कामे निघाली नाहीत तर उन्हाळ्यात विहिरीचे खोदकाम, शेताचा रस्ता, नाल्याचा गाळ हे सगळे तसेच राहील. शिवाय आपल्याकडे कापसाची वेचणी आणि उसाची तोड वर्षाचे किती महिने चालते? साठ दिवस कोणते धरायचे, हे ठरवताना वर्धेच्या शेतकऱ्याचेही आणि मजुराचेही ऐकले जावे, ही मागणी आपण करायला हवी.

कायदा आणि आदेश

आता तिसरा प्रश्न, मदत बंद करण्याचा अधिकार कोणाकडे? येथे कायदा आणि शासन निर्णय यांतला फरक समजून घेतला पाहिजे.

काकूच्या पंधराशेचेच उदाहरण घेऊ. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे, अशी अट होती. सुरुवातीला पाच एकरांपेक्षा अधिक जमीन नको अशीही अट होती. म्हणजे धाम-बोरच्या कालव्याखालचे पाच एकर आणि माळावरचे पाच एकर एकाच मापाने मोजले गेले. आठवडाभरात ती अट काढली, वयाची मर्यादा साठवरून पासष्ट केली. हे चांगले झाले. पण जो आदेश आठवड्यात आपल्या बाजूने बदलतो तो आपल्या विरुद्धही बदलू शकतो. निवडणुकीत एकवीसशेचे वचन दिले गेले. पुढच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले. हिशेब सोपा आहे. एका बाईचे वर्षाचे अठरा हजार, म्हणजे या रकमेत दोन कोटी बायका बसतात, त्याहून जास्त नाही. मग छाननी आली, पडताळणी आली. ज्या शेतकरी बहिणीला 'नमो शेतकरी' व केंद्राच्या सन्मान निधीतून महिन्याला सरासरी हजार रुपये येतात तिला या योजनेचे फक्त पाचशे, असा हिशेब लागला. यात चूक-बरोबर काय ते सभासदांनी ठरवावे. मुद्दा एवढाच की या सगळ्यासाठी सभागृहात कायदा बदलण्याची गरज पडली नाही.

निराधारांची गोष्ट याहून जुनी. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली आली. विधवा, अपंग, परित्यक्ता यांना तिचा आधार. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच वर्षे वर्षाला २१,००० रुपये होती. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. २०२३ साली अनुदान हजारावरून पंधराशे झाले. एकीकडे अडीच लाखांची मर्यादा आणि दुसरीकडे एकवीस हजारांची! ज्यांचा आवाज मोठा त्यांची मर्यादा सैल, आणि ज्यांना कोणी नाही त्यांची घट्ट.

आणि एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले त्यांत आपला वर्धा होता. त्याच वर्षी २३ जानेवारीच्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्ह्याच्या समितीने ठरवायचे. कपाशीच्या, तुरीच्या, उसाच्या खर्चात किती वाढ झाली ते सभासदांना सांगायला नको. पण ती मदत २०२५ सालीही एक लाखच होती. घरधनी गेल्यावर ज्या माऊलीने तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या तिला विचारा, की हक्क आणि आदेश यांत फरक काय.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर मातेला किमान सहा हजार रुपये लिहिले गेले. २०१७ साली योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्या अपत्यापुरती आणि हप्त्याहप्त्याने. म्हणजे कायद्यात लिहिले आणि पैशाची वाट बांधली नाही, तर हक्क अर्धा राहतो. केंद्राचा रोजगाराचा कायदाही शेवटी बदललाच. पण त्यासाठी संसदेत विधेयक मांडावे लागले, बाजूने-विरुद्ध बोलावे लागले, आणि ते वर्तमानपत्रात छापून आले. आदेश बदलतो तेव्हा बहुधा बँकेत गेल्यावरच कळते.

टनामागे दहा रुपये

हे सगळे आपल्या फडापर्यंत आणून लेख संपवतो.

आपला ऊस तोडायला टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, रात्री कोपीत लेकरे निजवते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधान परिषदेत गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, मग दुखणेच मुळापासून काढून टाका, अशी ही समजूत. १९२८ साली ज्या बाईला विश्रांती द्यायची की नाही यावर मुंबईत वाद झाला, तीच बाई इतक्या वर्षांनी आपल्या फडात उभी आहे. फक्त ती फाटकाच्या बाहेर राहिली होती.

राज्याने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले. त्याच्या पैशाची रीत पाहा. गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्याने दहा रुपये भरायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे. त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. ही तर पागेसाहेबांच्या वेळचीच रीत झाली. आपण दोन पैसे घालायचे, सरकारने दोन घालायचे, आणि डबा कष्टकऱ्यासाठी.

आता कोणी म्हणेल, दहा रुपये कारखाना भरतो, आमचे काय जाते? पण कारखाना म्हणजे कोण? तुम्ही-आम्ही भागधारक. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदामागे ते हजार रुपये होतात. म्हणून येत्या वार्षिक सभेत उठून विचारा. हंगामाचे दहा रुपये भरले का? सरकारचे आले का? आपल्या टोळ्यांच्या तळावर पाणी, उजेड, संडास आहे का? गरोदर बाईला खाडा लावून दंड घेणारा मुकादम आपल्या फडात चालतो का? उसाच्या भावाबद्दल विचारण्याचा आपला जसा अधिकार, तसाच हाही.

घरी गेल्यावर आणखी दोन गोष्टी कराव्यात. घरातील बाईच्या खात्याची आणि आधारची पडताळणी वेळेत पाहावी, आणि शेअरवर वारसाचे नाव लावून घ्यावे, म्हणजे वेळ आली तर तिला दारोदार फिरावे लागणार नाही. आणि ग्रामसभेत कामाची मागणी लेखी नोंदवावी, पावती घ्यावी. तोंडी मागणीची नोंद कोणी ठेवत नाही.

आमदार-खासदार गावात आले की आपण त्यांना विचारतो, आमच्यासाठी काय आणले? यापुढे जोडीला दोन प्रश्न आणखी विचारावेत. याचा पैसा कोठून येणार, आणि हे कायद्यात लिहिले आहे का?

शेकोटीजवळच्या काकाजींना आमचे सांगणे एवढेच. काकूचे पंधराशे तिच्या हक्काचे, हे तुम्ही बरोबर बोललात. पण त्याच रात्री तुमच्या ट्रॉलीत मोळ्या भरून थकलेली जी बाई पाचटावर बसली होती, तिचेही काही वेगळे नाही.